माझा अनुभव : स्पायवेअर काढणारं सॉफ्टवेअर निवडताना

व्हायरस आला की निदान कळतं तरी, फाइली उघडत नाहीत, मशीन अडकतं, काहीतरी बिघडतं. स्पायवेअरला, म्हणजे गुपचूप नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामला, मात्र तुमचा कॉम्प्युटर छान चालायला हवा असतो, कारण तुम्ही रोजच्यासारखे वापरत राहिलात तरच त्याला पासवर्ड मिळणार, कार्डाचे नंबर मिळणार, कुठल्या साइटवर काय बघितलं ते मिळणार. त्यामुळे त्याला पकडणारं सॉफ्टवेअर निवडताना बघायच्या गोष्टी पण जरा वेगळ्या आहेत. मी काय वाचलं, काय टाकून बघितलं, काय काढून टाकलं ते सगळं सांगते, कुणाला उपयोग झाला तर फार बरं वाटेल.

आमच्याकडे शंका आली ती क्रोममुळे. सर्च केलं की रिझल्ट भलत्याच सर्च इंजिनवर जायचे, आणि मेनूच्या तळाशी 'हा ब्राउझर तुमची संस्था मॅनेज करते' अशा अर्थाची एक ओळ दिसायला लागली. ऑफिसच्या मशीनवर ही ओळ असणं बरोबर आहे, पण हा घरचा कॉम्प्युटर, त्यावर लेकीचा अभ्यास, आईचे फोटो आणि आमचे बँकेचे व्यवहार, इथे कुठली संस्था आली? म्हणजे कुठल्यातरी प्रोग्रामने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची सेटिंग साठवतात तिथे, क्रोमची पॉलिसी म्हणजे सक्तीचा नियम घालून ठेवला होता, आणि त्याच्या जोरावर एक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) असं बसवलं होतं की ते काढायला गेलं तर काढायचं बटणच बंद. कधीकधी चांगला अँटीव्हायरस पण अशी पॉलिसी लावतो त्यामुळे ती ओळ दिसली म्हणजे स्पायवेअर आहेच असं नाही, पण आमच्या मशीनवर तेव्हा असं काहीच नव्हतं. एका फुकट पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर हे पाहुणे आले होते हे नंतर इन्स्टॉल झालेल्या प्रोग्रामची यादी तारखेप्रमाणे लावून बघितल्यावर कळलं.

सॉफ्टवेअर शोधायला बसले तर सर्चमध्ये वर आलेलं बरंचसं जाहिराती निघाल्या. ह्या बाबतीत खरंच जपून राहा, कारण स्पायवेअर काढून देतो म्हणून सांगायचं आणि स्वतःच घुसायचं ही ह्या क्षेत्रातली फार जुनी फसवणूक आहे. विनफिक्सर नावाचा एक प्रोग्राम होता, तो कॉम्प्युटरवर नसलेल्या धोक्यांची भलीमोठी यादी दाखवायचा आणि ते काढायचे पैसे मागायचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २००८ मध्ये त्याच्या मागच्या लोकांवर केस केली तेव्हा दहा लाखांहून जास्त लोक फसलेत असं त्यांचं म्हणणं होतं, आणि २०१२ मध्ये कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल दिला. असले प्रोग्राम नावं बदलून अजून फिरतात. त्यामुळे मी ठरवून टाकलं की जे सॉफ्टवेअर काय सापडलं त्याचं नाव आणि ते कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे न दाखवता पैसे मागतं ते घ्यायचंच नाही. आणि एखादी साइट उघडल्यावर तिथल्या तिथे 'तुमचा कॉम्प्युटर स्कॅन होतोय' असं दिसलं तर ते चक्क खोटं असतं, नुसत्या उघडलेल्या पानाला तुमची हार्ड डिस्क अशी वाचताच येत नाही.

मग मी चाचण्या घेणाऱ्या लॅबकडे वळले. जर्मनीची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्हज आणि ब्रिटनची एसई लॅब्ज, ह्यांचे रिपोर्ट फुकट वाचता येतात. एव्ही-टेस्ट तीन गोष्टींना प्रत्येकी ६ असे एकूण १८ मार्क देते, संरक्षण, वेग आणि वापरायची सोय, ह्या तिसऱ्यात चांगल्या फाइलीला उगाच वाईट ठरवलं का हे बघतात. वाचून पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की वरच्या नंबरांमध्ये फरक अगदी थोडा आहे, नावाजलेली बहुतेक उत्पादनं १७-१८ च्या घरात, त्यामुळे नुसत्या मार्कांवरून निवड होतच नाही. दुसरी ही की विंडोजमध्ये आधीपासून असलेला डिफेंडर हा अँटीव्हायरस पण त्याच रांगेत आहे.

डिफेंडरबद्दल जुनं मत अजून खूप जणांच्या डोक्यात आहे की तो नावापुरता असतो. पण त्याचा जन्मच स्पायवेअरसाठी झालाय हे मला वाचताना फार आवडलं. जायंट नावाच्या कंपनीचं अँटीस्पायवेअर होतं, मायक्रोसॉफ्टने ती कंपनी डिसेंबर २००४ मध्ये विकत घेतली आणि त्यातून पुढे विंडोज डिफेंडर तयार झाला, सुरुवातीला तो फक्त स्पायवेअरच बघायचा, व्हायरसचं काम त्याच्याकडे आलं ते २०१२ च्या विंडोज ८ पासून. कमजोरी पण आहे, एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या रिपोर्टमध्ये दिसतं की इंटरनेट बंद असताना त्याची पकड बरीच ढिली होते, कारण तो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या कंपनीच्या सर्व्हरवर, खूप अवलंबून आहे. घरी नेट कायम चालू असतं म्हणून आम्हाला ते चाललं, पण पेनड्राइव्हवरून फाइली घेऊन ऑफलाइनच काम करणाऱ्याला हे महत्त्वाचं आहे.

आता ज्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो सांगते, आणि माझ्या मते लोक हाच प्रश्न विचारत नाहीत. स्पायवेअर वाईट का, तर ते सगळं बघतं आणि बाहेर पाठवतं. आणि अँटीव्हायरस काय करतो? तोही सगळं बघतो. प्रत्येक फाइल त्याच्या डोळ्यांखालून जाते, त्याला सिस्टिममध्ये सगळ्यात वरचे अधिकार असतात, संशयास्पद फाइल तो तपासायला कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो, आणि बरेच जण तर स्वतःचं सर्टिफिकेट बसवून एन्क्रिप्टेड वेबसाइटचा मजकूरही मधेच उघडून तपासतात. हे संरक्षणासाठीच असतं, मान्य. पण मग त्या कंपनीवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर, हे आधी बघायला नको का? अवास्टचं प्रकरण वाचलं तेव्हा मी हादरलेच. फुकट अँटीव्हायरस म्हणून जगभर करोडो लोकांनी टाकलेलं, जाहिरात अशी की आम्ही तुमच्यावर नजर ठेवणाऱ्यांना अडवतो, आणि लोक कुठल्या साइटवर जातात ती माहिती जंपशॉट नावाच्या त्यांच्याच दुसऱ्या कंपनीमार्फत विकली जात होती. जानेवारी २०२० मध्ये बातम्या आल्या, जंपशॉट बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. कुंपणच शेत खायला लागलं तर राखण करायची कुणी?

म्हणून मी प्रत्येक पर्यायासाठी हेच प्रश्न कागदावर लिहिले : ह्यांना पैसे कुठून मिळतात, कुठली माहिती बाहेर जाते, ती बंद करायचं बटण आहे का, ब्राउझरमध्ये स्वतःचं एक्स्टेंशन आणि सर्च इंजिन ढकलतात का, आणि काढायचं झालं तर पूर्ण निघतं का. प्रायव्हसी पॉलिसी वाचायला कंटाळा येतो खरं, पण सगळी नाही वाचली तरी 'थर्ड पार्टी' आणि 'ब्राउझिंग' हे शब्द शोधून तेवढे परिच्छेद वाचले तरी पुष्कळ कळतं.

पैसे देऊन घ्यायचं एक सूट, म्हणजे अँटीव्हायरस आणि बाकीची टूल एकत्र असलेलं पॅकेज, मी ट्रायलवर टाकून बघितलं, नाव नाही घेत. पकड चांगली होती, त्यात वाद नाही. पण न विचारता ब्राउझरमध्ये शॉपिंगचं एक्स्टेंशन आलं, व्हीपीएन घ्या, ड्रायव्हर अपडेटर घ्या, क्लीनर घ्या असे पॉपअप सारखे, ट्रायलसाठी आधीच कार्ड मागितलेलं आणि ऑटो रिन्यूअल बंद करायचं बटण खात्याच्या आत कुठेतरी चार पानं खोल. लेक विचारायला लागली की हा मेसेज खरा आहे की फसवा, आणि मला हाच सगळ्यात मोठा तोटा वाटला, कारण रोज खोटी घाई दाखवणाऱ्या खिडक्यांची सवय झाली की खरा इशारा आला तरी माणूस क्रॉस दाबून मोकळा होतो. ते सूट काढलं, आणि नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही, त्या त्या कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल असतं ते चालवावं लागतं, नाहीतर अवशेष राहतात.

शेवटी ठरलं ते असं, कायम पहारा डिफेंडरचा, आणि दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स ह्या स्कॅन करणाऱ्या सॉफ्टवेअरचं फुकट व्हर्जन, जे फक्त आपण सांगितलं की स्कॅन करतं. दोन कायम चालणारे अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, दोघं एकमेकांच्या फाइली अडवतात आणि मशीन रडतखडत चालतं. मालवेअरबाइट्स टाकलं की १४ दिवसांचं प्रीमियम ट्रायल सुरू होऊ शकतं आणि ते विंडोजमध्ये स्वतःची नोंद मुख्य अँटीव्हायरस म्हणून करतं, मग डिफेंडर मागे सरकतो. त्याच्या सेटिंगमध्ये ही नोंद बंद करता येते, ती मी लगेच बंद केली.

पण डिफेंडर आहे तसा ठेवून उपयोग नाही, दोन-चार गोष्टी बघाव्याच लागतात. 'पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप' अडवायचं सेटिंग आमच्याकडे बंद होतं, आणि कन्व्हर्टरबरोबर येणारे हे पाहुणे नेमके त्याच वर्गात मोडतात, कायद्याच्या काठावरचे, म्हणून साधा स्कॅन त्यांना कधीकधी सोडून देतो. विंडोज सिक्युरिटीत अ‍ॅप आणि ब्राउझर कंट्रोलमध्ये ते सापडतं. क्लाउड प्रोटेक्शन चालू हवं, आणि टॅम्पर प्रोटेक्शन पण, म्हणजे एखादा प्रोग्राम गुपचूप डिफेंडरच बंद करू शकत नाही. सगळ्यात जास्त फरक पडला असेल तर तो खात्यांचा : रोजच्या वापरासाठी सगळ्यांना स्टँडर्ड अकाउंट, अ‍ॅडमिन वेगळं आणि त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे आणि नवऱ्याकडे. काहीही इन्स्टॉल करायला गेलं की पासवर्ड मागतो आणि लेक हाक मारते, तेवढ्यात आपण बघतो काय आहे ते.

साफसफाईचं सांगायचं तर आधी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन केला, ह्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते त्यामुळे लपून बसलेल्या गोष्टींना लपता येत नाही, साधारण पंधरा मिनिटं लागतात. मग अ‍ॅडक्लीनर, हे मालवेअरबाइट्सचंच छोटं फुकट टूल आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि त्यात क्रोमच्या पॉलिसी आणि प्रॉक्सी (इंटरनेटचा रस्ता दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारं) सेटिंग पूर्ववत करायचा पर्याय आहे. ती संस्थेची ओळ गेली ती ह्यामुळेच. त्यानंतर मायक्रोसॉफ्टच्या ऑटोरन्स ह्या टूलमध्ये सुरुवातीला आपोआप चालू होणारं सगळं बघितलं, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की उरलेली यादी आवाक्यात येते. एखादी अनोळखी फाइल दिसली तर व्हायरसटोटल ह्या साइटवर टाकून बघायची, सत्तरच्या वर इंजिनं एकदम तपासतात, मात्र तिथे टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना मिळते म्हणून स्वतःची कागदपत्रं कधीच टाकायची नाहीत.

आणि पासवर्ड. हे साफ झाल्यावर तर बदलायचेच, पण बँकेचे आणि ईमेलचे मी आधीच फोनवरून बदलले, त्या कॉम्प्युटरवरून नाही. हल्लीचं स्पायवेअर ब्राउझरमधल्या सेशन कुकी पण उचलतं, म्हणजे तुम्ही लॉगइन असल्याचा पुरावाच चोरतं, मग त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपी पण लागत नाही. त्यामुळे प्रत्येक खात्यात जाऊन 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करणं फार गरजेचं आहे, बरेच जण नेमकं हेच विसरतात.

सूट घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. आईवडील दूर राहतात, फोनवर कुणीतरी मदत करणारं हवंय, पाच-सहा डिव्हाइस एकाच ठिकाणाहून बघायचेत, तर पैसे द्यायला हरकत नाही, फक्त वरचे प्रश्न त्या कंपनीलाही विचारा. माझ्या दादाने हे सगळं ऐकून विचारलं की मग मी कुठलं घेऊ. त्याचं मशीन विंडोज १० वर आहे, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला नवीन धोक्यांची माहिती त्याच्यावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहे, पण विंडोजमध्येच सापडणारी भोकं वाढीव सपोर्टला नाव नोंदवल्याशिवाय बुजवली जाणार नाहीत, आणि ते काम कुठलाही अँटीव्हायरस करत नाही. म्हणून त्याला म्हटलं, दादा, सॉफ्टवेअरचे पैसे तूर्त ठेव, आधी विंडोज ११ चालतंय का बघ, नसेल तर वाढीव सपोर्ट घे, आणि मग आपण दोघं बसून सेटिंग करू.