सांगणारा कोण?

वाक्यातला कर्ता ओळखायची जुनी युक्ती मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना आठवत असेल. धातूला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण’ विचारायचं. ‘मुलीने पत्र लिहिले.’ लिहिणारा कोण? मुलगी. मी धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. दर शनिवारी शेवटच्या तासाला हीच युक्ती आम्ही मोबाइलवर आलेल्या मजकुरावर वापरतो. हा तास वेळापत्रकात नाही. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, म्हणून चालतो.

तो का सुरू केला, ते आधी सांगते. १ जुलै २०१८ रोजी आमच्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आली होती. आठवडे बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा कित्येक दिवस फोनवर फिरत होत्या, आणि त्यांच्यावर तोच संशय घेतला गेला. त्याआधीच्या महिन्यात तसाच एक मेसेज मीही पालकांच्या ग्रुपवर पाठवला होता. वर माझ्या हाताने एक ओळ लिहिली होती : ‘खात्री नाही, पण काळजी घ्या.’ माझा मेसेज राईनपाड्यापर्यंत गेला, असं मी म्हणत नाही. पण त्या जून महिन्यात जे बोललं जात होतं, त्यात माझाही आवाज होता. ‘खात्री नाही’ लिहिलं की आपली जबाबदारी संपली, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

वर्गात मी त्या काळातला एक व्हिडिओ दाखवते. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका लहानग्याला उचलतात आणि निघून जातात. एवढाच तुकडा देशभर फिरला. तिथे थांबवून मी विचारते, काय पाहिलंत? वर्ग एका आवाजात सांगतो, मूल पळवलं. मग मी मूळ व्हिडिओ पुढे चालू करते. तेच दोघं परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि एक फलक उलगडून दाखवतात. मुलं किती सहज पळवली जाऊ शकतात हे लोकांना कळावं, म्हणून कराचीत केलेली ती जनजागृतीची फिल्म होती. शेवट कोणीतरी कापला होता.

पहिल्यांदा दाखवलं तेव्हा वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाचा प्रश्न आला, “मॅडम, कापणारा कोण?” मी ‘कर्ता ओळखा’ म्हटलं नव्हतं. व्याकरणाचा तास आदल्याच दिवशी झाला होता, तो त्याच्या तोंडी आपसूक आला. उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि अजूनही नाही. पण त्या दिवसापासून आमच्या तासाची भाषा हीच झाली.

आता मुलं वर्तमानपत्राच्या कात्रणांवर पेन्सिलीने खुणा करतात. ‘असे समजते.’ समजणारा कोण? ‘अशी चर्चा आहे.’ चर्चा करणारा कोण? ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.’ इथे कर्ता आहे, पण त्याला नाव नाही, गाव नाही, संस्था नाही. एका मुलीने अशा कर्त्यासाठी ‘बुरखा कर्ता’ असा शब्द काढला आणि तो वर्गात रुळला. कर्मणी प्रयोग इतक्या आवडीने शिकलेला वर्ग मी यापूर्वी पाहिला नव्हता.

हे सगळं कागदावर का, तर मुलांकडे फोन नाहीत. घरात एक फोन, तो वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा, आणि संध्याकाळी थोडा वेळ हातात मिळाला तर मिळाला. शंका आली की नवीन टॅब उघडून शोधा, हा शहरातला सल्ला इथे दोन पावलंही चालत नाही. शोधायला बसलं तरी मराठीत तपासलेली माहिती हिंदी-इंग्रजीच्या मानाने फार कमी सापडते. शिवाय बऱ्याच घरांत बोलणं अहिराणीत होतं. छापील, शुद्ध मराठीत आलेला मजकूर त्यामुळे आपोआप मोठ्या माणसाचा, शिकलेल्या माणसाचा वाटतो. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन बाणांचंही तसंच. पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरलेल्या मेसेजवर ती खूण दिसते, सावध करण्यासाठी. मी वर्गात विचारलं तर बहुतेकांचं मत पडलं की, एवढ्या लोकांनी पाठवलाय म्हणजे तो खराच असणार. इशारा म्हणून दिलेली खूण त्यांनी शिक्का म्हणून वाचली होती.

पहिल्या वर्षी मी मोठी चूक केली. आठवड्यामागून आठवडे फक्त खोट्या बातम्या दाखवत राहिले. तीन महिन्यांनी लसीकरणाची सरकारी सूचना वाचायला दिली, तर अर्धा वर्ग म्हणाला, हेही खोटंच असेल. माझ्या पोटात गोळा आला. सगळ्यावर अविश्वास ठेवायला शिकवणं सोपं असतं आणि ते मी अगदी मन लावून केलं होतं. आता निम्मे नमुने खरे असतात. खरी बातमी खरी का ठरते, बातमीदाराने कोणाला विचारलं, कोणता कागद पाहिला, हे शोधायला मुलांना वेळही जास्त लागतो आणि मजाही जास्त येते.

बिहारमधल्या दोन अभ्यासांनी मला धीर दिला. २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी राज्यशास्त्राच्या संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी लोकांच्या घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. खोटी माहिती ओळखण्यात एकंदरीत फरक पडला नाही. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३,०००हून अधिक शाळकरी मुलांसोबत १४ आठवडे काम केलं. त्याचा मात्र परिणाम दिसला, चार महिन्यांनंतरही टिकला आणि मुलांकडून पालकांपर्यंतही पोचला. एका दिवसाच्या कार्यशाळेचं पत्रक आलं की म्हणूनच मी हात जोडते. फोटो काढून होतात, मुलांच्या हाती काही लागत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र कोणत्याच पुस्तकात मला सापडली नाही. आमच्याकडे खोटी माहिती अनोळखी माणसाकडून येत नाही. ती काका पाठवतात, आत्या पाठवते. ‘सांगणारा कोण?’ हा प्रश्न घरी गेला की तो थेट थोरल्या माणसाला विचारलेला प्रश्न होतो. नववीतल्या एका मुलीने घरच्या ग्रुपवर काकांना विचारलं, “मधुमेहाच्या गोळ्या बंद करा असं सांगणारे डॉक्टर कोण?” दुसऱ्या दिवशी काका शाळेत हजर. “पोरीला हेच शिकवता का, चारचौघांत काकाला खोटं पाडायला?” मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. ते रागावले होते, पण त्याहून जास्त दुखावले होते. तो मेसेज त्यांनी आईच्या काळजीपोटी पाठवला होता. त्यांच्या आईला मधुमेह आहे. “गोळ्यांनी तिला मळमळतं, म्हणून पाठवलं हो,” असं शेवटी ते म्हणाले. ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली आहे का, असं मी विचारलं. नव्हती सांगितली.

पुढच्या शनिवारी आम्ही कात्रणं बाजूला ठेवली आणि विचारायचं कसं, याचाच सराव केला. एक जण आजोबा, एक जण नात. ग्रुपवर नाही, शेजारी बसून. “आजोबा, मला दाखवा ना, खाली कोणाचं नाव आहे?” “आपण दवाखान्यात गेलो की विचारूया का?” मुलांनी आपापल्या घरातली माणसं इतकी हुबेहूब उभी केली की मला हसू आवरेना, आणि एकदा डोळ्यांत पाणीही आलं.

त्याच तासाला मी २०१८चा माझा मेसेज त्यांना सांगितला. इतकी वर्षं टाळत आले होते. कोणी काही बोललं नाही. मग काकांना प्रश्न विचारणारी तीच मुलगी म्हणाली, “मग मॅडम, तुम्ही त्या ग्रुपवर परत लिहिलंत का, की ते खोटं होतं?”

नव्हतं लिहिलं. मेसेज नुसता पुसून टाकला होता.

तो ग्रुप अजून माझ्या फोनमध्ये आहे. ती मुलं कधीच शाळेतून बाहेर पडली, पालक अधूनमधून सणाच्या शुभेच्छा टाकतात. त्या रात्री मी लिहिलं : ‘जून २०१८ मध्ये या ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला होता. तो मी पाठवला होता. तो मी तपासला नव्हता आणि तो खोटा होता. कोणाकडे अजून असेल, पुढे पाठवला असेल, तर त्यांनाही हे कळवा.’