पाचोळ्याची प्रतवारी

रोपवाटिकेत पांढऱ्या गोट्यांच्या पिशव्या दर्शनी मांडलेल्या असतात आणि मातीवर आच्छादन म्हणून पसरायला माणसं पैसे मोजून त्या घरी नेतात. त्याच गल्लीतला रेन ट्रीचा पाचोळा मात्र झाडून, काळ्या पिशव्यांत कोंबून कचऱ्याच्या गाडीच्या स्वाधीन केला जातो. वैशाखातल्या दुपारी दोन्हींखाली बोट घालून पाहावं. ओल दोन्हींखाली सापडेल. गोट्यांखाली ओलीपलीकडे फारसं काही मिळणार नाही. पाचोळ्याखाली बुरशीचे पांढरे धागे असतात, गांडुळांच्या बारीक गोळ्या असतात आणि पानाची माती कशी होत जाते, त्याची एकेक पायरी वरून खाली वाचता येते.

आच्छादन घेताना ‘किती टिकेल?’ असं विचारायची सवय आपल्याला बाजाराने लावली आहे. बागेत विचारायचं ते याच्या उलट, की हे किती दिवसांत संपायला हवं? मेथी-पालकाचा वाफा महिना-दीड महिन्यात रिकामा होतो. वांगी-टोमॅटो चार-पाच महिने जागा अडवतात. जास्वंद, मोगरा, लिंबू वर्षानुवर्षं तिथेच असतात आणि पायवाटेवर तर काही कुजूच नये. पीक जितकं राहणार, साधारण तितकंच राहणारं आच्छादन घ्यावं. एवढं ठरलं की अर्धी निवड झाली.

पालेभाजीला बारीक पानांचा पाचोळा उत्तम. रेन ट्री, गुलमोहर, शेवगा यांच्या पानांचे कण मातीवर सारखे पसरतात, पाणी अडवत नाहीत आणि लवकर विरतात. त्यातल्या शेंगा तेवढ्या वेचून टाकाव्यात. सुबाभळीचा पाचोळा तर शेंगांसकट कधीच आणू नये. पुढच्या पावसाळ्यात भाजीपेक्षा सुबाभूळ जास्त उगवेल. पेरणी झाल्या झाल्या जाड थर घातला तर अंकुर त्याखालीच वाकून मरतात. रोपं तीन-चार इंचांची झाली की दोन ओळींच्या मध्ये एक इंचाचा थर द्यावा, पुरे. हिरवळीचं ताजं कापलेलं गवत आकर्षक दिसतं, पण ओलंच टाकलं तर ते तापतं, चिकट होऊन थापल्यासारखं बसतं आणि आंबूस वास येऊ लागतो. दोन दिवस उन्हात वाळवून मगच घ्यावं.

वांगी, मिरची, टोमॅटोसाठी जे गावात पिकतं ते घ्यावं: कोकणात भाताचा पेंढा, सोलापूरकडे ज्वारीचा कडबा, कोल्हापूर-सांगलीत उसाचं पाचट. तीन-चार इंचांचे तुकडे करावेत. लांब काड वाऱ्याने उडतं आणि तुकडे आपल्याच वजनाने एकमेकांत अडकून बसतात. पाचटाच्या पानांच्या कडा कापतात, तेव्हा हातमोजे हवेत. टोमॅटोला आच्छादनाचा आणखी एक फायदा होतो. पावसाचे थेंब उघड्या मातीवर आपटून मातीतली करप्याची बुरशी खालच्या पानांवर उडवतात, ते आच्छादनामुळे थांबतं.

काडाची एक खोड मात्र माहीत असावी. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्बाबरोबर नत्रही लागतं. कोवळ्या गवतात कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण २०:१ असतं, गव्हाच्या काडात ८०:१ आणि लाकडाच्या भुशात ४००:१ च्या घरात. नत्र कमी पडलं की जिवाणू ते मातीतून उचलतात आणि रोपं पिवळी पडतात. वरवर पसरलेल्या काडाने हा उपद्रव फक्त पृष्ठभागापुरता होतो. खरी चूक होते ती भुसा मातीत कालवला की. म्हणून भुसा झुडपांभोवती, तोही वरच्या वर ठेवावा. ऊसशेतीत पाचट कुजवायला हेक्टरी ८० किलो युरिया आणि १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट द्यायची शिफारस आहे. तिचा हिशेब घरच्या वाफ्याला लावला तर चौरस मीटरला ८ ग्रॅम आणि १० ग्रॅम येतात. रासायनिक नको असेल तर काडाखाली बोटभर शेणखत घालून वरून पातळ शेणकाला शिंपडावा. काम थोडं सावकाश होतं, पण होतं.

शहरात काड कुठून आणायचं, हा प्रश्न रास्त आहे. त्याला रसवंती हे उत्तर आहे. उसाच्या चोयट्या बऱ्याचदा फुकट मिळतात आणि गच्चीवरच्या मातीविना बागेचे अनेक प्रयोग त्यांवरच झाले आहेत. पण ताज्या चोयट्यांत साखर उरलेली असते. तिच्यामागे मुंग्या येतात आणि मुंग्यांच्या आश्रयाने पिठ्या ढेकूण. म्हणून तुकडे करून दोन-तीन दिवस पाण्यात भिजत ठेवावेत, पाणी एकदा बदलावं आणि मग वाळवावेत. माती भरलेल्या क्रेटमध्ये आच्छादनाचा थर इंचभरच ठेवावा, नाहीतर मातीला जागाच उरत नाही.

मोठ्या झाडांच्या आळ्यांत हळू कुजणारा माल शोभतो. आंब्याचं पान चिवट असतं. अख्खं टाकलं तर कौलांसारखं एकावर एक बसतं आणि पाणी बाजूने निघून जातं. पायाखाली तुडवून, चुरून टाकलं की ही तक्रार मिटते. निलगिरी आणि सुरूची पानं ढिगात निदान सहा महिने कुजवल्याशिवाय रोपांजवळ नेऊ नयेत; त्यांतली द्रव्यं कोवळ्या मुळांना रोखतात. कोकणातल्या तिरक्या जमिनीवर, जिथे पाऊस पाचोळा वाहून नेतो, तिथे नारळाच्या सोडणाला, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालाला, तोड नाही. सोडणं पालथी मांडावीत. उताणी ठेवली की प्रत्येकात पाणी साचतं आणि डेंगीच्या डासांची आयती सोय होते. कोकोपीट मात्र आच्छादनाचा माल नव्हे. ते वाळलं की हलकं होतं आणि पहिल्याच मोठ्या सरीत तरंगत गटारात जातं. त्याची जागा मातीच्या मिश्रणात.

आता माप. दहा फूट बाय चार फुटांच्या वाफ्यावर तीन इंचांचा थर म्हणजे दहा घनफूट, सुमारे २८० लिटर. धान्याची चार-पाच पोती दाबून भरली की इतका माल होतो. पण सैल पाचोळा दोन पाण्यांत निम्म्याहून खाली बसतो, म्हणून पोती दुप्पट आणावीत. आधी तण उपटावं, मग माती चांगली भिजवावी आणि त्यानंतर थर घालावा. कोरड्या मातीवर कोरडा थर घातला तर हलक्या सरीचं पाणी तोच पिऊन टाकतो. खोडाभोवती तीन इंच जागा उघडी ठेवायची. खोडाला टेकवून रचलेला पाचोळा नीटनेटका दिसतो खरा, पण त्याखाली साल कायम ओली राहते आणि कुजते. घराच्या भिंतीपासूनही फूटभर अंतर असावं, वाळवी लागू नये म्हणून.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ऋतूच्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये घातलेला तीन इंचांचा थर जूनमध्ये तसाच राहिला तर काळ्या मातीत पाणी तुंबतं आणि खाली शंखी गोगलगाई व वाणी मुक्कामाला येतात. मृगाच्या आसपास थर ओढून एक इंचावर आणावा. गोगलगाई झाल्याच तर संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्यात पसरावं, सकाळी उलटून त्या गोळा कराव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. ते पाणी वाफ्यापासून लांब ओतावं. पाऊस ओसरताना, मातीत ओल भरलेली असतानाच थर पुन्हा जाड करावा. ऑक्टोबरच्या उन्हाला ती ओल फार दिवस सोपवायची नसते.

दुसरी चूक पाण्याची. आच्छादन घालून पाणी पूर्वीसारखंच रोज सोडलं तर मुळं गुदमरतात. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीत आच्छादनाच्या शेजारीच वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं, सांगितलेला आहे, तो उगाच नाही. थर बाजूला सारून मूठभर माती दाबून पाहावी. गोळा झाला आणि बोटाने टोचताच फुटला तर वाफसा आहे. चिकटून राहिला तर झारी आज खाली ठेवावी.

प्लास्टिकचा चंदेरी-काळा कागद शेतात उपयोगी आहे; महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी गादीवाफ्यावर तशाच कागदाच्या भोकांतून वाढते. पण त्याखाली ठिबकची नळी हवी, कारण वरून मारलेलं पाणी आत जातच नाही. घरच्या चार वाफ्यांत तो दोन हंगामांत फाटतो आणि त्याचे कपटे वेचणं मागे उरतं. विणलेली तणरोधक चटई पायवाटेवर, खडीखाली घालावी. वाफ्यात तिच्यावर धूळ साठते आणि तण वरूनच रुजतं. गोटे निवडुंगाला, अडेनियमला शोभतात. संगमरवराचे पांढरे तुकडे अनंताजवळ मात्र टाकू नयेत: ते कॅल्शियम कार्बोनेट असतात, आपली काळी माती आधीच विम्ल (अल्कधर्मी), त्यात भर पडली की झाडाला लोह मिळेनासं होतं. मग नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

हरळी माजलेल्या जागेवर नुसता पाचोळा म्हणजे हरळीला सावलीच. आधी खणून मुळ्या काढाव्यात, मग पुठ्ठा अंथरावा. चिकटपट्ट्या आणि पिना काढलेला, कडा सहा इंच एकमेकांवर चढवलेला आणि निथळेपर्यंत भिजवलेला असा पुठ्ठा, त्यावर पाचोळा. पुठ्ठा नसेल तर वर्तमानपत्राचे सात-आठ कागद चालतात, गुळगुळीत पुरवण्या वगळून. लव्हाळा यालाही दाद देत नाही. त्याचं टोक प्लास्टिकसुद्धा भोसकून वर येतं. तिथे ओली माती हातभर उकरून काळ्या गाठी एकेक करून वेचायच्या आणि महिन्याभराने पुन्हा तेच करायचं.