मरळीला फ्लोरो, शिवड्याला तार: लीडरची नोंद

लीडर म्हणजे मुख्य दोरी आणि गळाच्या मध्ये बांधायचा, माशाच्या दातांना टिकणारा आखूड तुकडा. निकाल आधी सांगून टाकतो. बोडीत (लहान तळ्यात) आणि मामा (माजी मालगुजारी) तलावात मरळीसाठी लावत होतो ती तार काढली. तिथे आता ६० पाउंड ताण सोसणारा फ्लोरोकार्बन (जाड, पारदर्शक प्लास्टिकची दोरी), जेमतेम वीतभर. वैनगंगेत मात्र तारेशिवाय ल्यूर (नकली आमिष) पाण्यात टाकत नाही, कारण तिथे शिवडा (मोठ्या तोंडाचा शिकारी मासा) कधी येऊन लागेल याचा नेम नाही.

सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या बासवाल्यांचे व्हिडिओ बघून. तिकडे मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या तळ्यांत बास आणि पाइक हे दोन मासे एकाच गवतात राहतात. बासचे दात म्हणजे नुसता खरखरीतपणा, अंगठा तोंडात घालून मासा उचलतात. पण त्याच गवतातून पाइक आला की दोरी कापून ल्यूरसकट पसार. म्हणून ते लोक आखूड, बारीक तार लावतात, किंवा ८० ते १०० पाउंडाचा फ्लोरो. त्यांची सगळी कसरत एवढ्याचसाठी की पाइकने कापू नये आणि बासला तार दिसू नये.

आपलं गणित वेगळं आहे राजेहो. आपल्याला जी पाहिजे तीच दातवाली. (तिकडेही हे दुखणं पोहोचलंच आहे म्हणा. मरळीच्याच भाऊबंदांपैकी ‘बुल्सआय स्नेकहेड’ २००० साली फ्लोरिडाच्या कालव्यांत सापडला आणि आता तिथले लोक बाससोबत त्यालाही फ्रॉग (बेडकासारखा रबरी ल्यूर) फेकतात.)

मरळ हातात आली की पक्कड घेऊन तिचा जबडा नीट उघडून बघा. खालच्या जबड्यात आतल्या बाजूला मोजके सुळे, बाकी बारीक दात. पाइकसारखं पातं नाही. ती कचकन धरते आणि डोकं झटकते, त्यामुळे दोरी एकाच जागी घासली जाते. माझी ५० पाउंडाची ब्रेड (विणलेली मुख्य दोरी) एका मोठ्या मरळीनंतर फ्रॉगच्या वर चार बोटं अशी पिंजलेली असते की नखाने धागे वेगळे करता येतात. ब्रेड कमळाचे देठ कापत येते, तिथे तिला तोड नाही, पण दातांखाली ताणलेली ब्रेड टिकत नाही. ती तुटली की ल्यूर माशाच्या तोंडात राहतो, हे पैशापेक्षा जास्त खटकतं.

मग तार का नको? तिचं वजन थोडं, पण फ्रॉगला तेवढंही पुरतं. पोकळ फ्रॉग शेपूट खाली, नाक वर असा तरंगायला हवा. तार, स्नॅप (ल्यूर अडकवायची पिन) आणि स्विव्हल (फिरती कडी) मिळून ते नाक खाली ओढतात आणि डावी-उजवी चाल मोडते. शिवाय स्विव्हलला शेवाळ गुंडाळतं. दर फेकीला गोळा सोडवत बसायचं, तेवढ्यात पलीकडे मरळ श्वास घ्यायला वर येऊन गेलेली असते. फ्लोरोला स्विव्हल लागत नाही. ब्रेडला एफजी नॉट आणि फ्रॉगला लूप नॉट, की झालं. एवढा जाड फ्लोरो कोरडा आवळला तर गाठ बसत नाही. थुंकी लावायची आणि पक्कडीने ताणायचं. प्रत्येक माशानंतर लीडरवरून बोट फिरवायचं, खरखर लागली की कापून नवा.

शिवड्याचं प्रकरण निराळं. त्याचं तोंड डोळ्याच्याही मागे फाटलेलं असतं, ल्यूर थेट आत जातो. वर-खाली दोन्ही जबड्यांत बारीक, आत वळलेल्या दातांचे पट्टेच्या पट्टे. ते कापत नाहीत, कानशीसारखे घासत राहतात. पवनीच्या खाली वैनगंगेच्या धारेत ६० पाउंडाचा फ्लोरो त्याने दुधाळ करून ठेवला, आणि पुढच्या वळणाला तो तुटला. वीतभर लीडर इथे तोंडातच मावतो. म्हणून सात पदरांची नायलॉन चढवलेली तार, ४० पाउंड, पूर्ण ३० सेंटीमीटर. स्पून किंवा बुडणारा प्लग अशा ल्यूरला तिचं वजन जाणवत नाही.

क्रिम्प करताना, म्हणजे तारेचा लूप धातूच्या बारीक नळीत (स्लीव्ह) दाबून पक्का करताना, एक सांगतो. स्लीव्ह मधोमध दाबायची, टोकाला दाबली तर तिचा काठच तार कापतो. साधी पक्कड नको, क्रिम्पिंगची घ्या. नंतर लूप खिळ्यात अडकवून दोन्ही हातांनी ओढून बघायचं. तारेला एकदा पीळ पडून मुडप बसली की ती फेकून द्यायची, सरळ करून वापरायची नाही. टायटॅनियमला ही कटकट नाही, वाकून परत सरळ होतं, पण किंमत बघून मी एकच घेतला आहे आणि तो जपून वापरतो.

तलावाच्या पाळीवर एक ढीवर (मासेमार) काका भेटतात. माझा डबा बघून म्हणाले, “आमी त सायकलच्या ब्रेकची तार लावतो गा, तुया या प्लास्टिकले काय होते?” रात्रभर टाकून ठेवायच्या दोरीला त्यांची तार बरोबरच आहे. दिवसभर फेकायला ती ताठ पडते आणि लवकर गंजते. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असतो, तेव्हा विचारूनच गरी टाकायची. विचारलं की हे लोक मरळ कुठे बसते तेही सांगतात. आणि पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा वर दिसला तर तिथे फेकू नका, खाली मायबाप राखणीला असतात.

आता थंडीत पाणी निवळेल, तेव्हा तलावात ६० ऐवजी ४० पाउंडाचा फ्लोरो लावून बघणार आहे. दुसरं म्हणजे गिटारची पहिली तार, ०.०१० इंचाची. एकेरी स्टील, हेवायर ट्विस्टने (तार स्वतःभोवतीच पिळून) बांधायची, स्लीव्हचा खर्च नाही. दोन लीडर करून डब्यात ठेवलेत. कुणी नदीत वापरली असेल तर गंज किती दिवसांत धरतो ते सांगा.