बटण दाबण्याआधीचा अंदाज

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात चालणारा प्रोग्रॅम लिहून दाखवणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. परंतु त्याच प्रोग्रॅमच्या चौथ्या ओळीनंतर कोणत्या व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवणाऱ्या नावात) काय आहे, हे व्हायवात सांगू शकणारे फार थोडे. बडोद्यात शिकवताना ही दरी मला दरवर्षी दिसते, आणि ती भरून काढण्यासाठी फिलिप ग्वो यांनी २०१० मध्ये तयार केलेल्या ‘पायथन ट्यूटर’ या, प्रोग्रॅम ओळीओळीने चालवून प्रत्येक टप्प्यावर मेमरीत काय आहे ते चित्रात दाखवणाऱ्या संकेतस्थळाइतके उपयोगी साधन मला दुसरे आढळलेले नाही.

‘ए’ या व्हेरिएबलमध्ये तीन संख्यांची लिस्ट ठेवली, ‘बी’ला ‘ए’ दिले आणि मग ‘बी’मध्ये चौथी संख्या जोडली, तर ‘ए’ प्रिंट केल्यावर किती संख्या दिसतील? बहुतेक वर्ग तीन म्हणतो. पडद्यावर एकेक ओळ पुढे सरकवली की दोन्ही नावांपासून निघालेले बाण एकाच लिस्टवर टेकलेले दिसतात, आणि चार हे उत्तर वेगळे समजावण्याची गरज उरत नाही. रिकर्शनचे, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा कॉल करण्याचेही तसेच. फळ्यावर फॅक्टोरियल सोडवताना जुनी किंमत पुसून नवी लिहावी लागते, आणि त्यामुळे प्रत्येक कॉलचा ‘एन’ स्वतंत्र असतो ही मुख्य गोष्टच पुसली जाते. इथे प्रत्येक कॉलची चौकट एकीखाली एक उभी राहते आणि उत्तर परत देत एकेक करून नाहीशी होते.

मात्र नुसते पाहण्याने फारसे साधत नाही. हंडहाउसेन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी २००२ मध्ये अशा दृश्य साधनांवरील २४ प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा विद्यार्थी काय पाहतो यापेक्षा तो काय करतो याला अधिक महत्त्व असल्याचे त्यांना दिसले. म्हणून माझ्या प्रॅक्टिकलमध्ये पुढच्या ओळीनंतर काय होईल ते आधी जर्नलमध्ये लिहायचे आणि मगच बटण दाबायचे, असा दंडक आहे. अंदाज चुकला की बाकावर गुजराती, मराठी, हिंदी अशी सरमिसळ चर्चा सुरू होते. ती मी थांबवत नाही, कारण खरे शिकणे त्या वेळी चाललेले असते. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी स्थापलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेच्या या शहरात, हाताने करून शिकण्याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागू नये.

उत्तर बरोबर की चूक एवढेच लगेच सांगणारी सॉफ्टवेअर मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत मी दूर ठेवतो. कारण हिरवी खूण मिळेपर्यंत लूपच्या अटीत ‘पेक्षा लहान’च्या जागी ‘लहान किंवा समान’ घालून पाहायचे, एवढेच मुले त्यातून शिकतात. पायथन ट्यूटरही छोट्या प्रोग्रॅमपुरताच आहे. प्रोग्रॅम मोठा झाला की डीबगरकडे, म्हणजे चुका शोधण्याच्या साधनाकडे वळावे लागते. पण ओळीगणिक थांबून अंदाज बांधायला सरावलेल्या विद्यार्थ्याला ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम थांबवण्याची जागा, कुठे ठेवायचा, हे सहसा विचारावे लागत नाही.