गाठ लहान असतानाच

स्तनाच्या कर्करोगाविषयी बोलताना ‘लवकर निदान झाले तर जीव वाचतो’ एवढे सांगून आपण थांबतो. ते खरे असले, तरी अपुरे आहे. माझ्या थोरल्या बहिणीला आणि त्यानंतर काही वर्षांनी मला हाच आजार झाला. आज आम्ही दोघीही आहोत, संसार सांभाळतो आहोत, पण तिच्या शरीराला जे सोसावे लागले आणि मला जे सोसावे लागले, त्यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते मुख्यतः गाठ केवढी असताना सापडली यामुळे पडले. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण गाठ लपवणाऱ्या अनेक बायकांना मरणापेक्षा उपचारांचीच धास्ती अधिक असते. स्तन काढतील, केस जातील, घर कोण बघेल, या भीतीपोटी त्या थांबतात, आणि ज्या उपचारांना त्या भितात ते नेमके या थांबण्यामुळेच वाढत जातात.

ताई सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात राहते. डाव्या स्तनातली गाठ तिच्या हाताला अंघोळ करताना लागली होती, पण ती दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे घाबरण्यासारखे काही नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी खोलवर रुजलेली आहे की तिने घरात कोणालाही सांगितले नाही. आधी सुगी होती, मग पुतणीचे लग्न होते. प्रत्यक्षात स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि म्हणूनच न दुखणाऱ्या टणक गाठीकडे अधिक लक्ष द्यायला हवे. बोंड आत ओढले गेले आणि त्वचेला खळी पडली, तेव्हा तिने मला फोन केला. तेव्हा ती ४९ वर्षांची होती. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षे आधी होताना दिसतो, त्यामुळे ‘हे म्हातारपणाचे दुखणे’ ही समजूतही चुकीची आहे.

मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी झाल्यावर सुईने गाठीचा तुकडा घेऊन बायोप्सी करायची ठरली, तेव्हा एका ज्येष्ठ नातेवाइकांनी सुई लावली की रोग पसरतो, असे सांगून तिला जवळजवळ परत फिरवले होते. बायोप्सीमुळे रोग अंगभर पसरत नाही. तो तुकडा तपासल्याशिवाय ईआर, पीआर (गाठ संप्रेरकांवर, म्हणजे हार्मोन्सवर, पोसते का) आणि हर-टू (पेशींवर त्या नावाचे प्रथिन वाढलेले आहे का) या चाचण्या होत नाहीत आणि त्या झाल्याशिवाय कोणते औषध लागू पडेल हे ठरवता येत नाही. ताईची गाठ सहा सेंटिमीटरची निघाली आणि काखेतल्या लसिकाग्रंथीही वाढलेल्या होत्या. म्हणजे आजाराची तिसरी पायरी (स्टेज) होती.

गाठ मोठी असल्यामुळे आधी केमो देऊन ती आकसवायची आणि मग शस्त्रक्रिया करायची, असा बेत ठरला. उपचार मुंबईत असल्याने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा मिळाला, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे खर्चाचा मोठा भार हलका झाला. पहिल्या चार वेळा ते लाल रंगाचे औषध होते, जे दिल्यानंतर लघवीही तांबडी होते आणि ज्याच्या नुसत्या रंगाने तिला पुढे कितीतरी दिवस मळमळत असे. दुसऱ्या केमोनंतर केस गेले, तोंड आले, फोडणीचा वास सहन होईना. नंतरच्या औषधाने हातापायांच्या बोटांना मुंग्या येऊन ती बधिर झाली, इतकी की सुईत दोरा ओवणे किंवा ब्लाउजचे हूक लावणे तिला जमेनासे झाले. केस परत आले, बोटांचा बधिरपणा मात्र अजून पूर्ण गेलेला नाही. पुढे स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या, मग रेडिएशन झाले आणि त्यानंतर संप्रेरकांना रोखणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या.

इथे उपचार संपले असे सगळ्यांनी मानले, आणि इथूनच ताईच्या हाताची गोष्ट सुरू झाली. काखेतल्या लसिकाग्रंथी त्या बाजूच्या हातातला द्रव वाहून नेणाऱ्या वाटेवर असतात. त्या काढल्या आणि वर रेडिएशन मिळाले की ती वाट अरुंद होते आणि हात सुजू लागतो. काखेतल्या सर्व ग्रंथी काढलेल्या पाच जणींपैकी साधारण एकीला हे होते, आणि ते शस्त्रक्रियेनंतर लगेच होईल असेही नाही, वर्षे लोटल्यावरही होऊ शकते. ताईच्या बाबतीत ज्वारीच्या काढणीत बोटाला झालेली एक बारीक जखम निमित्त झाली. दोन दिवसांत हात लाल झाला, ताप चढला, रुग्णालयात दाखल करून शिरेतून औषधे द्यावी लागली, आणि त्यानंतर सूज कायमची राहिली. आज तिच्या डाव्या मनगटात बांगडी जात नाही. ब्लाउज शिवायला टाकताना दोन बाह्यांची दोन वेगळी मापे द्यावी लागतात. दिवसभर घट्ट दाबाची बाही घालायची असते, ती माणच्या उन्हाळ्यात घालून शेतात काम करणे म्हणजे काय, हे तिच्याशेजारी उभे राहिल्यावरच कळते.

या हाताविषयी तिला आधी नीट सांगितले गेले असते, तर बरेच टळले असते, असे मला फार वाटते. शस्त्रक्रियेनंतर लवकरच खांद्याचे व्यायाम सुरू करणे, कातडी कोरडी पडू न देणे, खुरपताना हातमोजा घालणे, लहानशी जखमही लगेच धुऊन औषध लावणे, आणि हात जड वाटू लागताच, म्हणजे सूज डोळ्यांना दिसण्याआधीच, फिजिओथेरपिस्टकडे जाणे, एवढ्या गोष्टी कोणत्याही बाईला समजावता येतात. ‘त्या हाताने आयुष्यात काही उचलायचे नाही’ हा सल्ला मात्र जुना झाला आहे. जाणकाराच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम अपाय करत नाही, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

ताईमुळे मी पन्नाशीनंतर नियमाने मॅमोग्राफी करू लागले, आणि त्यातच माझी गाठ दिसली. ती नऊ मिलिमीटरची होती, माझ्या किंवा डॉक्टरांच्या हाताला लागतही नव्हती, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दिवशी तिच्यापर्यंत आधी एक बारीक तार नेऊन ठेवावी लागली. फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढला. काखेत रंगद्रव्य सोडून ते सर्वांत आधी ज्या ग्रंथींत पोहोचते तेवढ्याच काढून तपासल्या, आणि त्यांत रोग नसल्याने बाकीच्या जागच्या जागी राहिल्या. गाठ संप्रेरकांवर पोसणारी होती आणि हर-टू निगेटिव्ह होती, म्हणून केमो लागली नाही. तीन आठवड्यांत पंधरा वेळा रेडिएशन आणि त्यानंतर रोज एक गोळी, एवढ्यावर निभावले. प्रत्येक लहान गाठीला केमो टळते असे मात्र नव्हे. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (वरच्या तिन्ही चाचण्या निगेटिव्ह) प्रकारात लहान गाठीलाही ती अनेकदा द्यावी लागते.

स्तन राखायचा ठरला तेव्हा घरातल्यांनी माझ्याशी फार वाद घातला. ‘सगळे काढून टाक, डोक्याला ताप नको’ हे त्यांचे म्हणणे मायेपोटीच होते, पण त्याला आधार नव्हता. अमेरिकेत शल्यचिकित्सक बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत पूर्ण स्तन काढलेल्या आणि फक्त गाठ काढलेल्या स्त्रियांची वीस वर्षे नोंद ठेवली गेली. २००२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा दोन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच होते. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांच्या चाचणीनेही तेच दाखवले. गाठ काढून रेडिएशन घेणे म्हणजे अर्धवट उपचार नव्हेत. पण ही निवड हातात असावी, यासाठी गाठ सहसा लहान असावी लागते.

मॅमोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावी कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे एक उत्तर आपल्याच मुंबईने दिलेले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये शहरातल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, केवळ हातांनी स्तनांची तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर निदान होण्याचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के होते, तर तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के. पन्नास आणि त्यापुढच्या वयाच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत तसा ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. तरीही चार आठवड्यांच्या आसपास शिकवता येणाऱ्या कौशल्याने एवढे साधत असेल, तर ते प्रत्येक उपकेंद्रात पोहोचले पाहिजे. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी व्हावी, असे सरकारी धोरणही आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातल्या ज्या स्त्रियांनी कधीतरी स्तनांची तपासणी करून घेतली होती, त्यांचे प्रमाण देशात एक टक्काही भरले नाही. हा आकडा वाचून मला संताप येतो.

माझ्यावर काहीच परिणाम झाले नाहीत, असे मी म्हणणार नाही. गोळीमुळे सकाळी बोटांचे सांधे आखडलेले असतात, हाडांची घनता तपासत राहावी लागते, अंगातून वाफा निघतात. कोरडेपणामुळे पती-पत्नीच्या जवळिकीतही अडचण येते आणि त्यावर उपाय असूनही ती गोष्ट बायका डॉक्टरांपुढे काढत नाहीत. ती काढली पाहिजे, कारण या त्रासापायी अनेक जणी गोळ्याच मध्येच सोडून देतात. वार्षिक तपासणीच्या आधीचे काही दिवस आम्हा दोघींनाही झोप लागत नाही. त्या दिवसांत ताईचा फोन रोज येतो.

आम्ही सख्ख्या बहिणी असल्यामुळे दोघींची बीआरसीए जनुकांची (ज्यांतल्या दोषामुळे हा आजार घराण्यात उतरू शकतो) चाचणी झाली आणि त्यांत दोष आढळला नाही. तरीही आईच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षांपासून तपासणी सुरू करावी, असे डॉक्टरांनी ताईच्या मुलीला सांगितले आहे. ती आता ३८ वर्षांची आहे. पुढच्या वर्षी तिची पहिली मॅमोग्राफी होईल, आणि तिच्यासोबत ताई स्वतः जाणार आहे.