आमची वाटचाल : अमळनेरहून समुद्राकडे

आमच्या सहलींच्या ऑफिसात देवाच्या फोटोशेजारी पंचांग टांगलेलं आहे. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, हे मुहूर्त बघून गाडी काढतात. आम्ही बघतो ती भरती. तिथीची पाऊणपट केली की कोकणात भरतीची साधारण वेळ निघते, हे मला मालवणच्या एका होडीवाल्याने शिकवलं. पंचमी असेल तर पावणेचार. वेळ थोडी इकडे-तिकडे होते, पण आपल्या माणसांना कधी वाळूत सोडायचं आणि कधी चहा पाजत बसवायचं, ते बरोबर कळतं.

धंदा वडिलांचा. आप्पांनी १९९६ साली एक जुनी बस घेतली. लग्नसराईत वऱ्हाड, एरवी वणी, शिर्डी, पंढरपूर. समुद्राची पहिली सहल २००३ ची, गणपतीपुळे. आचारी घरचा, शेवभाजीचा मसाला आणि कळण्याच्या पिठाचा डबा बरोबर. बसमधल्या निम्म्या बायांनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. गावाला टँकरने पाणी येत होतं ते दिवस. एक आजी गुडघाभर लाटेत उभी राहून म्हणाली, "एवढं पानी व माय, पन पेवाले नही!" ते वाक्य आमच्या घरात अजून चालतं.

मग देवबाग सापडलं. तारकर्लीच्या पुढे, एका अंगाला कर्ली नदीची खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. तिथल्या एका वहिनींकडे आम्ही २००९ पासून उतरू लागलो. खोलीतून पाय काढला की वाळू. पत्रकावर आम्ही तोच फोटो छापला आणि पुढची कितीतरी वर्षं तोच छापत राहिलो. चूक इथेच झाली.

दर खेपेला अंगणातले माड कमी दिसायचे. एका वर्षी वाळूच्या जागी काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा उभा. आमच्या ३८ माणसांत निम्मी साठीच्या पुढची, ती दगडांवरून खाली कशी उतरणार? एक निवृत्त गुरुजी पत्रक हातात धरून माझ्यासमोर आले. "भाऊ, हा किनारा कुठे आहे, तेवढं दाखवा." रागावले असते तरी चाललं असतं. ते खरंच विचारत होते. परत आल्यावर सगळ्यांना थोडे थोडे पैसे दिले. त्या सहलीत तोटाच झाला.

त्यानंतर मी वाचायला लागलो, माहीतगारांना विचारायला लागलो. १९०१ ते २०१८ या काळात जगभरातला समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला, आणि अलीकडे तो वर्षाला ३.७ मिलिमीटरच्या आसपास चढतो आहे. हे सांगितलं की गिऱ्हाईक हसतं, कारण ते ज्वारीच्या दाण्याएवढं झालं! पण दरसाल एक दाणा, आणि किनारा सपाट. उभं पाणी थोडंच वाढतं, आडवं मात्र बरंच आत शिरतं, आणि वादळ-उधाण आलं की त्या वाढलेल्या पाण्यावर स्वार होऊन येतं. कारणं दोन : बर्फ वितळतो, आणि तापलेलं पाणी फुगतं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात राहणाऱ्याला ताप काय असतो ते वेगळं समजवावं लागत नाही.

सगळं खापर चढत्या समुद्रावर फोडणंही बरोबर नाही. रामेश्वरजवळची धनुष्कोडी १९६४ च्या डिसेंबरमधल्या चक्रीवादळाने एका रात्रीत संपवली. काही किनारे नदीची वाळू अडल्याने झिजतात. तापी आमच्या तालुक्याच्या कडेने वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. १९७२ पासून उकाईच्या धरणात तिचा गाळ अडतो. म्हणजे आमच्या शिवारातली माती तिथवर पूर्वीसारखी पोचतच नाही.

बंगालमधल्या गंगासागरला तर भरती-ओहोटीने आम्हाला रडवलं. बेटावर जायला मुरीगंगा नदी ओलांडायची बोट ओहोटीला बंद होते, हे धरूनच चाललो नव्हतो. म्हाताऱ्या माणसांसह तासन् तास धक्क्यावर. कपिलमुनींचं आजचं देऊळ पाहून एका आजोबांनी विचारलं, "आठेच व्हतं ना रे भो, पहिलंबी?" नव्हतं. आधीची देवळं समुद्राने गिळली. जवळचं लोहाचरा बेट पाण्याखाली गेलं, घोडामारा निम्म्याहून कमी उरलं.

हल्ली रावेर-यावलकडची केळीवाल्यांची नवी जोडपी मालदीव मागतात. तो देश सरासरी दीड मीटर उंच, म्हणजे जोमात आलेल्या कपाशीएवढा. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी २००९ मध्ये मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली होती. माझ्या पुतण्याला त्यातून जाहिरात सुचली : 'बुडण्याआधी पाहून घ्या.' डिझाइन झकास होतं. मी नाही म्हटलं. पुतण्या म्हणाला, काका, दुसरे लावतील. लावलीच कुणीतरी, आणि बुकिंगही घेतलं. मला त्या ओळीत वहिनींचे माड दिसत होते.

आता पत्रकातल्या प्रत्येक फोटोखाली महिना आणि साल छापतो. जून ते सप्टेंबर किनाऱ्याची सहल नाही. किनारा बदलला असेल तर पैसे परत, हे बुकिंगच्या पावतीवरच लिहिलेलं असतं. यंदा माघातल्या देवबागला २२ नावं झाली आहेत. परवा वहिनींचा फोन आला. "येवा, पण फुडली खोली आता देऊक जमाची नाय." खाडीकडच्या दोन खोल्या मिळतील. बाकीच्यांची सोय तारकर्लीला बघतो आहे.