ग्रिल-गेटपासून फिश टँकच्या स्टँडपर्यंत: आमची वाटचाल

वडिलांचं सांगलीत ग्रिल-गेटचं वर्कशॉप होतं. खिडक्या, जिन्याचं रेलिंग, शटरची दुरुस्ती, मधूनच एखाद्या हळदीच्या गोदामाचं पत्र्याचं शेड. पुढं मी आणि धाकटा भाऊ कामात आलो, कुपवाड एमआयडीसीत गाळा घेतला, पण काम तेच राहिलं. फिश टँकचे स्टँड हा वेगळा धंदा होऊ शकतो हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ॲक्वेरियमच्या दुकानांतून गंजलेले स्टँड दुरुस्तीला यायचे, तेवढाच संबंध. वडील म्हणायचे, दुरुस्ती म्हणजे नव्याएवढी मेहनत आणि निम्मे पैसे. खरंच होतं ते. पण आमचं शिक्षण झालं ते याच भंगारावर.

एक गोष्ट सारखी दिसायची. वरून रंग ठीकठाक आणि खालच्या आडव्या पाइपला स्क्रूड्रायव्हरनं टोचलं की भोक. असा पाइप कटरखाली घेतला की ब्लेड पलीकडं जायच्या आतच तपकिरी पाणी गळायला लागायचं आणि मागोमाग गंजाचे ओले पापुद्रे. म्हणजे गंज आतून बाहेर आलेला. दीड इंची चौरस पाइप, १६ गेज, जाडी जेमतेम १.६ मिमी. त्यातलं निम्मं आतून खाल्लं गेलं तर राहिलं काय? वर वजन किती असतं ते आम्ही गिऱ्हाइकाला मुद्दाम हिशेब करून दाखवतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकी म्हणजे १२ घनफूट, नुसतं पाणीच ३४० लिटर. काच, खडी, दगड धरले की साडेचारशे किलोच्या घरात. स्टँड धाडकन कोसळतो असं सहसा होत नाही. एखादा कोपरा दोन-चार मिमी बसतो, टाकीला पीळ पडतो आणि काच तडकते. मग मासे, पाणी, खडी सगळं हॉलमध्ये.

पाणी आत शिरायच्या जागा ठरलेल्या. पाइपच्या तोंडाला वेल्डिंग न करता ठोकलेलं प्लास्टिकचं बूच. समोरून दिसणाऱ्या बाजूंना पूर्ण वेल्डिंग आणि भिंतीकडं नुसते दोन टाके. मधल्या केसाएवढ्या फटीतून पाणी आपोआप आत ओढलं जातं आणि परत वाळत नाही. तिसरी जागा म्हणजे प्लाय बसवायला वरून मारलेले स्क्रू. चांगल्या रंगवलेल्या पाइपला आपणच भोकं पाडायची आणि वर रोज पाणी सांडणारी टाकी ठेवायची, हा उद्योग मी अजूनही बघतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गाळ्यात पाणी आलं नाही, पण पूर ओसरल्यावर नदीकाठच्या भागातलं लोखंडी सामान कितीतरी दिवस येत राहिलं. कपाटं, कॉट, देवघराच्या चौकटी आणि टँकचे स्टँडसुद्धा. काही लोकांनी बिचाऱ्यांनी बाहेरून धुऊन, पुसून, घरीच रंग मारून आणलेले. कापल्यावर आत गाळ गच्च भरलेला, तोही ओला. त्याच ढिगात काही पाइप असे निघाले की ज्यांची दोन्ही तोंडं पट्टी मारून पूर्ण वेल्ड केलेली होती. बाहेरून त्यांचीही दशा तीच, पण आत पाइप निळसर करडा, गाळाचा कणही नाही. कारण साधं आहे. गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. बंद पाइपात जे काही अडकलेलं असतं ते थोडासा गंज चढवून संपतं, नवीन आत येत नाही, गंज तिथंच थांबतो. पुस्तकात वाचलेलं होतंच, पण ते तुकडे हातात घेतल्यावर भाऊ म्हणाला, आता टाके मारून स्टँड द्यायचा नाही.

बोलणं सोपं होतं. पातळ पाइपला चारी बाजूंनी फुल वेल्डिंग केलं की फ्रेम ओढते, म्हणजे तापून वाकडी होते, आणि कर्णात फरक पडलेला स्टँड टाकीला गंजाइतकाच वाईट. म्हणून जाड प्लेटचं टेबल बनवलं, फ्रेम त्यावर क्लॅम्पनं आवळायची, एका कोपऱ्याचा एक टाका झाला की समोरच्या कोपऱ्यात जायचं. रॉडचं वेल्डिंग सोडून सीओटू गॅसवर चालणारं वेल्डिंगचं मशीन कर्ज काढून घेतलं. आमच्याकडं जुने वेल्डर आहेत, त्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांना हा प्रकार पटायला वेळ लागला. "मागनं कोण बघतंय रे?" हा त्यांचा प्रश्न. आता मामाच नव्या पोरांचे स्टँड उलटे करून मागची बाजू तपासतात.

लॉकडाऊनमध्ये घरात बसलेल्या लोकांना मासे पाळायचा नाद लागला आणि पुढं दुकानदारांच्या ऑर्डरी यायला लागल्या. तेव्हा हातानं रंग मारणं परवडेना, आम्ही पावडर कोटिंगकडं वळलो. पावडर कोटिंग म्हणजे काही कवचकुंडलं नव्हेत, हे आधी सांगतो. ते विजेच्या भारावर चालतं: पावडर भारित होऊन लोखंडाला चिकटते, मग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळून एकजीव होते. पण आतल्या कोपऱ्यात हा भार नीट पोचत नाही. उघड्या पृष्ठभागावर जाड थर बसतो आणि कोपऱ्यात पावडर विरळ राहते. आणि पाणी कुठं थांबतं? कोपऱ्यातच. त्यामुळं कोटिंगवाल्याकडं आमचा माणूस जातो आणि आधी कोपरे, व्होल्टेज कमी ठेवून, मग बाकीची फ्रेम, एवढं डोळ्यांदेखत करून घेतो. त्याआधी गाळ्यातच वेल्डिंगवरचे छर्रे, काळा थर, तेल सगळं काढायचं. त्यात हयगय झाली की वरचा थर कितीही महागाचा असो, काही महिन्यांत पोपडे निघतात. भट्टीचा एक फायदा मात्र झाला. वेल्डमध्ये सुईएवढं भोक राहिलं असेल तर आतली हवा तापून तिथंच फोड येतो. तो स्टँड बाजूला काढायचा, घासायचा, परत वेल्ड करायचा.

डिझाइनमध्ये एक बदल वडिलांनी सुचवला. पूर्वी वरची फ्रेम अँगलची असायची, टाकी तिच्या खोबणीत बसायची. दिसायला छान, पण सांडलेलं पाणी काच आणि अँगलच्या मध्ये अडकून राहायचं. आता वर सपाट चौकट, त्यावर १८ मिमीचा मरीन प्लाय (पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या आयएस ७१० या मानकाचा), आणि प्लाय पाइपच्या बाहेर अर्धा इंच काढलेला. प्लायच्या खालच्या अंगाला कडेनं बारीक खाच. खिडकीच्या छज्जाखाली गवंडी ठेवतो तशीच. ओघळ खाचेपाशी थांबतो, तिथंच थेंब होऊन पडतो, पाइपवर जात नाही. प्लायच्या कडांना इपॉक्सीचे दोन हात, कारण प्लाय फुगतो तो कडेकडूनच. आणि स्क्रू एकही नाही, सिलिकॉननं चिकटवतो. पायांच्या तोंडाला वेल्ड केलेली पट्टी, तिच्यावर नट, त्यात नायलॉनच्या बुडाचा लेव्हलिंग बोल्ट. स्टँड फरशीपासून इंचभर वर राहतो.

हा इंच का, तर सगळ्यात जास्त स्टँड खातो पोछा. फरशी पुसताना खालच्या पाइपला रोज ओला फडका लागतो, आणि कुणी टाइल चमकवायला ॲसिड वापरत असेल तर विचारूच नका. दुसरी गोष्ट मिठाची. मासा आजारी पडला की लोक पाण्यात खडेमीठ टाकतात. उपाय चांगला आहे, आमची तक्रार नाही, पण त्यानंतर टाकीतून येणारा प्रत्येक थेंब खारट असतो. पाणी उडून जातं, मीठ जोडावर बसतं, पावसाळ्यात ओल धरतं. तेवढे दिवस सांडलेलं पाणी साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसून, मग कोरड्या फडक्यानं घ्यावं. फिल्टरच्या वायरला सॉकेटखाली एक झोळ ठेवावा, म्हणजे थेंब वायरवरून सॉकेटकडं न जाता झोळापाशी खाली पडतो.

रंगाला फोड आला तर वरून स्प्रे मारू नका. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तर रंग वर उचलला गेला. फोड फोडा, चकाकतं लोखंड दिसेपर्यंत पॉलिश पेपरनं घासा, प्रायमर, वाळल्यावर रंग. नुसता रेडऑक्साइडचा प्रायमर मारून सोडला तर ते पाणी अडवत नाही, वरचा रंग हवाच. स्प्रे वापरायचाच असेल तर टाकी झाका आणि हवेचा पंप बंद ठेवा. थिनरचा वास पंपातून थेट पाण्यात जातो.

समुद्री मासे ठेवणाऱ्यांना आम्ही साधा लोखंडी स्टँड देत नाही. लिटरला ३५ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यापुढं आमची पावडर किती टिकणार? त्यांना ३१६ ग्रेडचं स्टेनलेस सांगतो, किमतीचा आकडा ऐकून बरेच जण गोड्या पाण्याकडं परत येतात. बाजारात स्टेनलेस म्हणून २०२ हा हलका ग्रेड सर्रास मिळतो, दिसायला चांगल्या ३०४ ग्रेडसारखाच, आणि वेल्डिंगच्या कडेला ठिपके पडायला लागले की मग कळतं.

सध्या गाळ्यात वाद चालू आहे तो गॅल्व्हनाइजिंगचा. तयार फ्रेम ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवायची, आतून-बाहेरून जस्त चढतं. पण बंद पाइप तसा बुडवता येत नाही, आत अडकलेल्या ओलीची वाफ होऊन पाइप फुटतो. म्हणून गॅल्व्हनाइजिंगवाले भोकं पाडल्याशिवाय माल घेत नाहीत. ज्या फ्रेमची सगळी तोंडं आम्ही इतकी वर्षं बंद करत आलो, तिलाच आता ड्रिल लावायचं. नमुन्याला एक स्टँड करून गाळ्याच्या मोरीपाशी ठेवलाय, वर पाण्याची पिंपं. भाऊ म्हणतो नंतर भोकांना रबरी बूच मारू, माझं म्हणणं भोकं खालच्या अंगाला ठेवून उघडीच राहू देत, निदान पाणी निथळेल. मामा दोघांचंही ऐकत नाहीत.